डाव्या सीटवर कोण बसणार

सोनपेठ
९ मार्च २०२५

सिद्धोधन यांना,

सुकेशनीचा जयभीम. फोन तुम्ही दुसऱ्या शब्दाला कापता. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, म्हणून लिहायला बसले. वाळूजच्या तुमच्या कंपनीचा पत्ता संघप्रियानं दिला. पोरीवर रागावू नका, मीच तिच्या मागं लागले होते. परभणीहून ती दर रविवारी फोन करते आणि पप्पांनी काय काय विचारलं ते सांगते. माझ्याबद्दल अवाक्षर नाही. ट्रकबद्दल मात्र सगळं! क्लच कसा आहे, मागचे टायर बदलले का, सायलेन्सर अजून वाजतो का. तर ऐका. क्लच नवा टाकला, टायर बदलले, सायलेन्सर वाजतो. त्याला वाजू दे, मला सोबत होते.

कारखान्याचा हंगाम संपला. तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावाकडं निघाल्या. सगळा हंगाम मी ओढला, एकदाही गाडी कलंडू दिली नाही. हे तुम्हाला डिवचायला लिहीत नाही. बरं, थोडं डिवचायलाच लिहिते.

आता मुद्द्याचं. पाथरीच्या रस्त्याला कारखान्याचं मोठं यार्ड आहे ना, जिथं ऊस उतरायची वाट बघत आपण डब्यातल्या भाकरी खायचो, तिथं पुण्याची एक कंपनी ट्रकची शर्यत भरवत आहे. शर्यत हाच त्यांचा धंदा. त्यांचे पगारी ड्रायव्हर आहेत, ते गावोगाव नुसत्या शर्यतीच हाकतात. यंदा त्यांना आपल्यासारखे ऊस ओढणारेही हवे आहेत. गाडी रस्त्यावर जशी, तशीच शर्यतीत. इंजिनला हात लावायचा नाही. हौद्याचे फाळके काढायचे, केबिनमध्ये ते लोखंडी पिंजरा बसवून देतात आणि पट्टा, हेल्मेट त्यांचंच. यार्डात मुरूम दाबून लंबगोल रस्ता केला आहे. दोन लांब बाजू, दोन वळणं, मधोमध वजनकाटा. पोरं त्याला अंडं म्हणायला लागली आहेत आणि आता कंपनीचे लोकही तेच म्हणतात.

अंड्याभोवती कायम डाव्या हाताला वळत जायचं. ड्रायव्हर बसणार उजवीकडं. आरसे घासाघाशीत फुटतात म्हणून ते आधीच काढून ठेवायचे. म्हणजे आतल्या बाजूनं कोण घुसतंय ते ड्रायव्हरला दिसायची सोय नाही. कंपनीच्या ड्रायव्हरांच्या कानात वायरलेस असतो, त्यांचा माणूस मचाणावर उभा राहून सांगत असतो. आपल्याकडं कुठला वायरलेस! म्हणून गावच्या ड्रायव्हरांना डाव्या सीटवर एक माणूस बसवावाच लागतो.

मी नाव दिलं आहे. मला डाव्या सीटवर माणूस पाहिजे. नजर ठेवणारा आणि दारावर थाप मारणारा. एक थाप थांब, दोन थापा चल. हे तुम्हाला मी काय सांगायचं? लग्न झाल्यापासून तिथं बसून मीच तर थापा मारत आले. अरुंद पुलावर, शेतातून भरलेली गाडी बाहेर काढताना, यार्डात मागं घेताना. माझी थाप पडली की तुम्ही न बघता ब्रेक दाबायचात. एवढा भरवसा तुम्ही माझ्या कालवणावर कधी ठेवला नाही, आधी चाखून बघायचात.

आता तुम्ही डावीकडं बसा. पहिली शर्यत तेवीस तारखेला, रविवारी. या.

सुकेशनी

ता. क. तुमच्या आई बऱ्या आहेत. गुडघे सोडून सगळं ठणठणीत, तोंड तर विचारूच नका.


सोनपेठ
१७ मार्च

सिद्धोधन यांना,

जयभीम. पत्र पोचल्याचं संघप्रियाकडून कळलं. मी तिला विचारलं, पप्पा काही म्हणाले का? तर म्हणाली, "न्हाई गं मम्मी. नुसतं म्हनले, सायलेन्सरला वेल्डिंग मारून घे म्हनाव."

वेल्डिंग मारून घेतलं. झालं समाधान?

गावात मला लोक विचारतात, सिद्धोधन कुठं हाय? मी सांगते, वाळूजला चांगली नोकरी लागली. कुणी जवळचं असेल तर दुसरी गोष्ट सांगते. हंगामाच्या सुरुवातीला यार्डात चारठाण्याचा बालाजी सगळ्यांसमोर तुम्हाला काय म्हणाला ती. "सिद्धोधन, आता वैनी गिअर टाकायली, तू उतरून चाकाला दगड लाव." सगळे ड्रायव्हर हसले आणि त्याच संध्याकाळी तुम्ही पिशवी भरलीत. ही गोष्ट सांगितली की बाया च्‌ च्‌ करतात, बालाजीला शिव्या देतात आणि विषय मिटतो.

पण बालाजीचं नाव पुढं करून आपल्या दोघांना काय मिळतं? तुम्ही त्याच्यामुळं गेला नाहीत. त्याच्या आधी सकाळी अंगणात काय झालं ते तुम्हालाही माहीत आहे. तुमचा खांदा बरा झाला होता. उसाच्या भारावरून पडलात, हात गळ्यात आला, तेव्हापासून गाडी माझ्याकडं होती. त्या सकाळी तुम्ही नवा शर्ट घालून आलात आणि किल्लीसाठी हात पुढं केलात. मी म्हणाले, या हंगामाला तुम्ही डावीकडं बसा. तुम्हाला वाटलं चेष्टा करते. हसलात. मी हसले नाही, तेव्हा तुमचंही हसू गेलं. त्या दिवशी तरी तुम्ही डावीकडं बसून यार्डापर्यंत आलात, आणि तिथं बालाजीनं आयतं निमित्त दिलं.

तुम्ही संघप्रियाला सांगता, "तुझ्या मम्मीनं नाइलाज म्हनून स्टिअरिंग धरलं, आता सोडंना." खोटं आहे ते. नाइलाज पहिल्या काही दिवसांतच संपला होता. पुढं सगळी हौसच. पहाटे गाडी सुरू केली की अंगात जे येतं, ते मला चुलीपुढं कधी आलं नाही. भरलेली गाडी गोदावरीच्या पुलावर चढताना मागचं सगळं वजन आपल्या हाताच्या म्हणण्यात असतं, ते तुम्हाला कळतं. मलाही कळतं. म्हणूनच मी किल्ली दिली नाही. तुम्हाला लाज आणायची म्हणून नव्हे.

त्याबद्दल मी माफी मागणार नाही. डाव्या सीटवर मात्र तुम्हीच हवे आहात. रविवारी सकाळी यार्डात.

सुकेशनी


सोनपेठ
२४ मार्च

सिद्धोधन यांना,

जयभीम. तुम्ही आला नाहीत. काय झालं ते दुसऱ्या कुणाकडून तिखट-मीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याकडून ऐका.

मी शेवटपर्यंत फाटकाकडं बघत होते. माझा भाऊ नागसेन बसतो म्हणाला होता, पण पिंजरा बघितल्यावर त्याला अचानक शेतातली मोटर आठवली. माणूस नसेल तर गाडी उतरवता येणार नाही, असं कंपनीच्या राजेश्री मॅडमनी स्पष्ट सांगितलं. त्याच सगळ्या शर्यतीच्या मुख्य. मी रडायच्या बेताला आले होते आणि तेवढ्यात तुमची आई, डबा घेऊन आली होती हो बिचारी, डबा बाजूला ठेवून म्हणाली, "मी बसते. मला काय धाड भरली?"

मॅडमनी वय विचारलं. त्यावर आत्याबाई, "वयाचं कामून काढायलीस बाई? मी काय ट्रक ढकलायले का? बसायचंच हाय न्हवं?" डॉक्टरनं नाडी बघितली, दाब बघितला आणि म्हणाला यांचं माझ्यापेक्षा बरं आहे. डोक्यावरचा पदर काढायला तयार नव्हती, शेवटी पदरावरूनच हेल्मेट चढवलं. पट्टे आवळल्यावर मला म्हणते, "एवढं तर मला लग्नात पन बांधलं न्हवतं." 

गावचे सगळे ट्रक एकदम सुटले. त्यातले पहिले चार फायनलला जाणार होते. धूळ म्हणजे काय विचारता! पण गाडी रिकामी, हलकी, मी म्हणेन तशी वळत होती. पहिल्या काही फेऱ्यांतच मी दुसऱ्या नंबरला आले. पुढं एकटा बालाजी. तुमची आई डावीकडून सगळं सांगत होती, "आत कुनी न्हाई, जाऊ दे, जाऊ दे." मला वाटलं झालं, आज बालाजीला धरलंच. लांब बाजूला मी त्याच्या मागच्या चाकाला लागले, आणि तुमच्या आईच्या अंगात आलं. ती ओरडली, "हान सुकेशनी, हान!" आणि सगळा हात उगारून दारावर एक दणदणीत थाप मारली.

एक.

पाय माझा होता, पण त्यानं मला विचारलंच नाही. ब्रेक जो दाबला तो पार खालपर्यंत. गाडी सपशेल थांबली. लोक ओरडायला लागले, मागून आलेले ट्रक दोन्ही बाजूंनी गेले, एकानं तर बंपरची कडच नेली. आणि ही बाई मला विचारते, "थांबलीस कामून?"

"आत्याबाई, एक थाप म्हंजे थांब!"

"मंग आधी सांगायचं न्हवं? आपली म्हैस एका थापंत चालती!"

मी हसू का रडू? आयुष्यभर त्यांनी म्हशीच्या पाठीवर एक थाप मारली आणि म्हैस चालायला लागली. मला सांगायचं सुचलंच नाही. थाप सगळ्या जगाला कळते असंच मी धरून चालले होते. ट्रकच्या बाहेरही जग आहे हे आपण ड्रायव्हर लोक विसरतो.

गाडी पुन्हा गिअरला टाकली आणि मग जी सोडली ती सोडली. त्यानंतर मी कुणाचं ऐकलं नाही. शेवटच्या वळणावर आतून घुसून चौथी आले, जेमतेम. पण आले. फायनल वीस एप्रिलला आहे, कंपनीचे चार ट्रक आणि आपल्याकडचे चार.

खाली उतरल्यावर बालाजी म्हणाला, "वैनी, मधीच च्या प्यायला थांबल्ता का?" मी हसून सोडून दिलं. आत्याबाईंनी सोडलं नाही. त्या काय म्हणाल्या ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तुम्ही असता तर हे झालं नसतं. एवढंच मला म्हणायचं आहे, आणि ते रागानं म्हणते आहे.

सुकेशनी


सोनपेठ
१५ एप्रिल

सिद्धोधन यांना,

जयभीम. जयंतीला तरी याल असं वाटलं होतं. तुमच्या आईनं पांढरी साडी धुऊन, इस्त्री करून तयार ठेवली होती आणि तुमचा पांढरा शर्टही. शर्ट तसाच खुंटीला राहिला.

मिरवणुकीत बाबासाहेबांची प्रतिमा आपल्याच ट्रकवर होती. दरवर्षी तुम्ही चालवायचात, काल मी चालवला. पहिल्या गिअरमध्ये, क्लचवर, सगळ्या गावातून. पुढं लेझीम, मागं पोरींचा नाच आणि आवाज तर असा की काचा थरथरत होत्या. काही जण सुरुवातीला कुजबुजले. मग सगळ्यात म्हाताऱ्या तानुबाई काठी टेकत गाडीपुढं आल्या, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "हळू हाक माय, लेकरं हायेत." झालं. त्यानंतर कुणी कुजबुजलं नाही. मला रडू आलं. तुम्ही बघायला पाहिजे होतं, आणि नव्हता, म्हणूनही आलं.

आमचा सराव चालू आहे. आसारामच्या पडीक रानात मी रोज सकाळी चुन्याचं अंडं आखते आणि आम्ही दोघी फिरतो. आत्याबाईंचा हात फार वळवळतो, म्हणून पहिले काही दिवस त्यांनी तो मांडीखाली दाबून ठेवला. घरात लोखंडी पेटीवर सराव करतात. मी भाकरी थापत असते आणि मागून एक दणका बसला की मी थांबायचं, दोन बसले की पुन्हा थापायला घ्यायचं. परवा शेजारीण विचारायला आली, घरात भांडण चाललंय का? आत्याबाई म्हणाल्या, "भांडन न्हाई, शाळा हाय." म्हशीची मात्र आता पंचाईत झाली आहे. तिला त्या सवयीनं दोन थापा मारतात आणि ती जागची हलत नाही.

चेष्टा पुरे. खरं लिहिते. मला तुमची आठवण येते. गाडी चालवताना जास्त येते. तुम्ही वळणाआधी थोडं गुणगुणायचात, ते अजून कानात आहे. आणि रागही येतो. तिकडं कंपनीच्या गेटवर बसून तुम्ही दिवसभर काय करता? दुसऱ्यांच्या ट्रकसाठी दांडा वर करता आणि खाली करता. माझ्या शेजारी बसण्यापेक्षा ते बरं वाटतं का तुम्हाला? एवढी का डावी सीट खालच्या दर्जाची आहे? मग मी तिथं एवढी वर्षं बसले होते, तेव्हा मी तुमची कोण होते?

याचं उत्तर मला पाहिजे. पत्रानं नको, येऊन द्या.

वीस तारखेला फायनल आहे. तुम्ही आलात तर आत्याबाई खाली उतरतील, नाही आलात तर त्या बसतील. मला दोन्ही चालतं असं लिहिणार होते. चालत नाही.

सुकेशनी


सोनपेठ
२४ एप्रिल

सिद्धोधन यांना,

जयभीम. चार दिवस झाले, अजून हात दुखतात. संघप्रियानं तुम्हाला निकाल कळवला असेलच. पण निकाल वेगळा आणि झालं ते वेगळं.

ऊन असं की मुरूम पांढरा पडला होता. धूळ बसावी म्हणून कंपनीचा टँकर सारखा पाणी मारत होता, पण एका फेरीत सगळं पुन्हा कोरडं. पाथरी, सोनपेठ, जिंतूर, कुठून कुठून माणूस आला होता. झाडावर, यार्डाच्या भिंतीवर, उभ्या ट्रॉल्यांवर. मी बराच वेळ गर्दीत बघत होते. मग आत्याबाईंनीच सांगितलं, "मान मोडंल. फुडं बघ आता." त्यांनी हेल्मेट चढवलं आणि मी गाडीत चढले.

कंपनीच्या ड्रायव्हरांचं कौतुक करायलाच पाहिजे. विशेषतः ओमप्रकाश नावाचा आहे, तो वळणावर गाडी अशी लावतो की एक वीत जागा सोडत नाही. तो सुरुवातीपासून पुढं. त्याच्या मागं बालाजी. कंपनीचे बाकीचे तीन मी एकेक करून मागं टाकले. आत्याबाई आता ओरडत नव्हत्या. "आतून निळी आली. दाब. डावीकडं दाब. गेली मागं." एवढंच, तांदूळ निवडत बसल्यासारखं शांत. मला त्या आवाजानं फार बळ आलं.

शेवटची फेरी. ओमप्रकाश, बालाजी, मग मी. ते दोघं आतल्या कडेला एकमेकांत अडकले होते आणि बाहेरची बाजू सगळी मोकळी. मी बाहेरून जायचं ठरवलं. दोघांना एकदम. वळणात शिरले तेव्हा पुढं नुसती धूळ, काही दिसत नव्हतं, पण धुळीपलीकडं रस्ता मोकळा आहे हे मला पक्कं माहीत होतं. पाय पूर्ण दाबलेला. आणि डावीकडून थाप पडली.

एकच.

सिद्धोधन, त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते सांगते. मला वाटलं, झालं, म्हैस आठवली यांना. मागच्या वेळी असंच झालं होतं. दुर्लक्ष केलं असतं तर कुणी मला दोष दिला नसता. पण थाप मारणारी बाई माझ्या शेजारी बसली होती. मी आदळले असते तर तीही आदळली असती, आणि तिनं ती थाप मारली होती. मी ब्रेक दाबला. या वेळी पायानं नाही, मी दाबला.

धूळ सरली तर बालाजीचा ट्रक आडवा. गरगर फिरून बाहेर आला होता आणि त्याचं दार माझ्या बॉनेटसमोर. त्याचे डोळे दिसले मला, हेल्मेटच्या आतले. आत्याबाईंना धुळीच्या खालून त्याची चाकं आडवी होताना दिसली होती. त्या बुटक्या, मान खाली घालून बसलेल्या, म्हणून त्यांना खालचं दिसलं. मला माझ्या उंचीवरून दिसलं नसतं.

मग दोन थापा. मी त्याला वळसा घालून निघाले आणि दुसरी आले. ओमप्रकाश पहिला.

उतरल्यावर मी आत्याबाईंना मिठी मारली आणि दोघीही रडलो, गाडीलाच टेकून, फोटो काढणाऱ्यांसमोर. बालाजी आला. हेल्मेट हातात, तोंड उतरलेलं. म्हणाला, "वैनी, तुमी थांबल्या म्हनून मी हाय." आणि मग, "सिद्धोधनला सांगा, मी तसं बोलाया नको होतं." मी म्हणाले, तुझं तू सांग. पण सांगेल का नाही, त्याचा भरवसा नाही, म्हणून लिहिलं.

आता पुढचं, आणि हे नीट वाचा. राजेश्री मॅडमनी मला बोलावलं आहे. दिवाळीनंतर त्यांच्या शर्यती सुरू होतात, वेगवेगळ्या गावी, त्यांच्या गाड्यांवर. त्यांचा ट्रक मी चालवायचा. वायरलेसवाला माणूस देतो म्हणाल्या. मी म्हणाले, मला वायरलेस नको, डाव्या सीटवर माणूस पाहिजे. त्यांनी विचारलं का? मी म्हणाले, मचाणावरच्या माणसाला माझ्याबरोबर आदळायचं नसतं. त्या चालेल म्हणाल्या.

तुमच्या आईनं हात जोडले आहेत. "झालं माझं. कंबर गेली. तुझी तू बघ." तेव्हा डावी सीट रिकामी आहे.

माझं म्हणणं एकदाच लिहून टाकते. किल्ली माझ्याकडं राहील. उसाचा हंगाम असो की शर्यत, गाडी मी चालवणार. मधून अधून हौस म्हणून तुम्ही चालवा, मी नाही म्हणणार नाही, पण तुम्ही परत आलात म्हणून मी उजवी सीट सोडणार नाही. हे वाचून तुमचा चेहरा कसा झाला असेल ते मला दिसतं आहे. आणि मला तुम्ही पाहिजे आहात, दुसरं कुणी नको, हेही तितकंच खरं. मी दोन्ही गोष्टी मनात ठेवून खूप दिवस बघितलं. एक सोडली तर दुसरी मिळेल असं वाटायचं. तसं करायला मी तयार नाही.

मॅडमना मला मे महिन्यात नक्की काय ते सांगायचं आहे. तुम्हाला नको असेल तर नको म्हणून लिहा. मी दुखावेन, दुसरं माणूस शोधेन आणि जाईन. जाणार एवढं नक्की.

सुकेशनी


वाळूज
१ मे

सुकेशनी,

जयभीम. मला लिहायची सवय न्हाई. चुकलंमाकलं सांभाळून घे. तुझी सगळी पत्रं मिळाली. एकबी फाडलं न्हाई.

पाथरीकडच्या वळनावर तू गिअर उशिरा टाकायलीस. दर फेरीला. इंजिन वरडायलंय आन् तू वाट बघायलीस. रिकामी गाडी हाय, भरल्याली न्हाई, तिला आधीच गिअर पायजे. हे मी मोबाईलवर बघून लिहीत न्हाई. मी पान्याच्या टँकरमागं उभा होतो. सुट्टी काढून आलतो. सकाळपसून होतो.

बालाजीची गाडी फिरायली ते मला आईच्या आधी दिसलं. तू धुळीत शिरलीस. मी टँकरच्या पत्र्यावर थाप मारली. एकच. तुला ऐकू जानार न्हवतं. तरी हात पडला. हात लय सुजला, दोन दिवस दांडा डाव्या हातानं वर केला.

मंग तू उतरलीस आन् आईच्या गळ्यात पडलीस. मला वाटलं आता हितं मला जागा न्हाई. तसाच स्टँडवर गेलो, मिळंल त्या गाडीत बसलो. तुझं पत्र वाचलं तवा कळलं, जागा हाय.

तू इचारलंस, डाव्या सीटवर बसायचीस तवा तू माझी कोन होतीस. तिकडं येऊन उत्तर दे म्हनलीस. देतो. पन आधीच सांगतो, मला ते नीट बोलता येनार न्हाई.

किल्लीचं वाचलं. लय राग आला. परत वाचलं, परत आला. अजून हाय थोडा. तो घेऊनच येतो, त्याची वाट बघत बसलो तर दिवाळी व्हईल.

येत्या बाजाराच्या दिवशी दुपारच्या गाडीनं सोनपेठला उतरतो. स्टँडवर मानसांची गर्दी पायजे. तू ट्रक घेऊन ये आन् खाली उतरू नकोस, उजवीकडंच बसून राहा. मी सगळ्यांच्या देखत डाव्या दारानं चढीन.

सिद्धोधन